अकरा घरांच्या अक्का

अक्कांना रागावलेलं मी रोज पाहिलं. घाबरलेलं एकदाच. आणि त्या घाबरल्या त्या कुणा माणसाला नाही, स्वतःच्या हातच्या एका खुणेला. जुन्या रजिस्टरमधल्या एका रकान्यात लाल बॉलपेनने केलेली, तिळाएवढी बरोबरची खूण.

त्यांचं पूर्ण नाव विमल संकेश्वरकर. बंगळुरात येलहंक्याच्या पुढे आमची एक लहानशी संशोधन संस्था होती, तिच्या तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत अक्कांचं राज्य. पाटीवर ‘कल्चर कलेक्शन’ लिहिलेलं असे. ग्रंथालयात पुस्तकं ठेवतात तसे तिथे मातीतले जिवाणू ठेवलेले होते, बोटभर नळ्यांत, गोठवून, सहाशेच्या वर. पुस्तकाला विसरलं तर धूळ बसते. जिवाणूला विसरलं तर तो मरतो. एवढा एकच फरक, पण त्या फरकापायी अक्कांनी लग्न, बदली, परदेश सगळ्यालाच नाही म्हटलेलं, असं लोक सांगत. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “कोण सांगितलं? मला कुणी विचारलंच नाही की!”

मी नागपूरची. नवऱ्याची नोकरी एचएसआर लेआउटमध्ये, आणि माझी मायक्रोबायोलॉजीची पदवी कपाटात गंजत पडलेली. इकडून येलहंका म्हणजे शहर उभं चिरत जायचं, दोन बस, दोन तास. पहिल्या दिवशी मी नीटनेटकी होऊन गेले. अक्कांनी कागद बघितले नाहीत. जवळ आल्या आणि चक्क माझा वास घेतला.

“तेल लावून आलीस?”

“हो. म्हणजे… थोडंसं.”

“जा. उद्या ये. डोकं धुऊन ये.”

दोन तास जाऊन दोन तास परत. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, बाई डोक्याने फिरलेली आहे, मी जात नाही. दुसऱ्या दिवशी गेले ती केवळ भांडायला म्हणून. पण तिथे पोचल्यावर त्यांनी माझ्या हातात एक तुरीचं रोप दिलं, मुळं धुतलेली, आणि म्हणाल्या, “गाठी मोज.” मी मोजत बसले आणि भांडण राहून गेलं.

त्यांचं मराठी ऐकून पहिले दोन महिने मी दचकत असे. संकेश्वर निपाणीच्या अलीकडचं. तिकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात. अक्का म्हणत, “मी येतो गं,” “मी जेवण केलो,” “मी तिला सांगितलो.” आणि मधूनच कानडी, “स्वल्प थांब” म्हणजे थोडं थांब, “सरी, सरी” म्हणजे बरं, बरं. माझं “करून राहिली” ऐकून मात्र त्याच पोट धरून हसत. नळ्या धुणारे, वाळू चाळणारे रंगण्णा आमचे तिसरे. ते कानडीत बोलत, मी हिंदीत, आणि अक्का दोघांवर मराठीत ओरडत. कुणाचंच अडलं नाही.

खोली बघायला येणारा मराठी पाहुणा हटकून एक वाक्य बोले, “म्हणजे आपल्या विरजणासारखंच की हो!” अक्कांचं तोंड आंबे. पाहुणा गेल्यावर त्या पुटपुटत, “विरजण बिघडलं तर जिभेला कळतं. हे बिघडलं तर कुणाच्या बापाला कळत नाही.”

ते कसं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांना बारीक गाठी असतात. त्यांत एक जिवाणू राहतो. तो हवेतला नत्र झाडाला देतो, झाड त्याला साखर देतं. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसलं, की समजायचं दोघांचा संसार नीट चाललाय. पण या जिवाणूला मातीत एक चुलतभाऊ आहे. प्रयोगशाळेतल्या प्लेटवर वाढवला तर हुबेहूब तसाच दिसतो, पांढरा, गोल, ओलसर. मुळाशी नेला की बिनकामाचा, एक गाठ करत नाही. तेव्हा नळीत आहे तो खरा की चुलतभाऊ, हे ठरवायला अक्कांकडे एकच रीत होती. निर्जंतुक वाळूत तूर लावायची, नळीतला जिवाणू घालायचा, अठ्ठावीस दिवस थांबायचं आणि रोप उपटून गाठी बघायच्या. हल्ली जनुकं वाचून चार दिवसांत सांगतात. मी तसं सुचवलं तर म्हणाल्या, “पाठव की. कोण आहे ते यंत्र सांगेल. काम करतो का ते रोपच सांगणार.”

रजिस्टरचा शेवटचा रकाना ‘गाठी’ होता. बाकीचे रकाने निळ्या पेनने कुणीही भरावेत. गाठींच्या रकान्यात लाल खूण फक्त अक्का करत, आणि तीही रोप हातात असताना. “गाठी बघितल्याशिवाय नाव लावायचं नाही,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की एकदा भाजीवाल्याकडे वाटाणे निवडताना माझ्याच तोंडून निघालं.

आणि अक्कांची अकरा घरं. हे त्यांचं खरं काम, जे कुठल्याच अहवालात धड आलं नाही. एकाच खोलीत ठेवलेला जिवाणू म्हणजे एकाच खुंटीला टांगलेला कंदील, असं त्या म्हणत. म्हणून देशभरातल्या अकरा लहान प्रयोगशाळा त्यांनी जोडल्या होत्या. कुठलं शेतकी महाविद्यालय, कुठल्या कॉलेजातली मागची खोली, कुठे एकटाच निवृत्त प्राध्यापक. आमच्या महत्त्वाच्या नळ्यांची एकेक जोड त्यांच्याकडे, त्यांच्या आमच्याकडे. करार नाही, शिक्के नाहीत. नियम एकच. आमचा थर्मोकोलचा डबा ज्याच्याकडे जाईल त्याने तो रिकामा परत पाठवायचा नाही. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात, तसं. डब्यातून त्या गावच्या मातीतला एखादा जिवाणू यायलाच हवा. एका मोठ्या, नामांकित प्रयोगशाळेने एकदा डबा रिकामा पाठवला, वर छापील आभारपत्र. अक्कांनी पुढे दोन वर्षं त्यांच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. डायरेक्टर चिडले, वरून फोन आले. अक्का ढिम्म. शेवटी तिकडच्या कुणा शहाण्याने डब्यात आपल्या आवारातली मूठभर माती भरून पाठवली, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

दर गुरुवारी अकरा वाजता त्या घरांना फोन करत. हॅलो नाही, नमस्कार नाही. पहिला प्रश्न हिंदीत, “ज़िंदा है क्या?” एकदा त्या निवृत्त प्राध्यापकांच्या बायकोने फोन उचलला आणि हे ऐकून बिचारीने बाहेरच्या खोलीत धाव घेतली. प्राध्यापक पेपर वाचत होते.

सगळ्या घरांत अक्कांचा जीव अंबिकापूरच्या घरात जास्त. तिथे फुलमणी नावाची एक मुलगी पीएच.डी. करत होती. अक्कांनी प्रश्न विचारायच्या आत तीच ओरडे, “ज़िंदा है, अक्का, ज़िंदा है!” आणि अक्का, ज्यांना आम्ही हसवायला जंग जंग पछाडायचो, त्या फोनमध्ये हसायच्या. फुलमणीचा विषय होता आमची एकशे बारा नंबरची नळी.

एकशे बारा ही अक्कांनी तरुणपणी स्वतः आणलेली. एका दुष्काळात तुरीचं अख्खं शिवार पिवळं पडलं होतं आणि मधलाच एक पट्टा हिरवा. अक्कांनी तिथली रोपं उपटली, गाठींतून जिवाणू वेगळा केला. कडक उन्हात, खारट जमिनीत तगणारा असा दुसरा आमच्याकडे नव्हता. ते शेत पुढे हमरस्त्याखाली गेलं. म्हणून एकशे बाराची जोड नऊ वर्षांपूर्वी अकराच्या अकरा घरांना पाठवलेली होती. फुलमणी ती नळ्यांत वाढवून किती उष्णता सोसते ते मोजत होती. तीन वर्षं झाली होती, प्रबंध लिहायला घेतला होता.

हे सगळं सुरळीत असताना एका सोमवारी सकाळी मी खोलीचं दार उघडलं आणि पाय ओले झाले.

जोडून सुट्ट्या आल्या होत्या. त्या तीन दिवसांत वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. जनरेटर सुरूच झाला नाही. फ्रीझरचा भोंगा रिकाम्या इमारतीत वाजत राहिला असणार. नळ्या वितळल्या, गोठल्या, पुन्हा वितळल्या. एकदा वितळणं जिवाणू सोसतो, पण पुन्हा पुन्हा झालं की मरतो. अक्का आल्या, दारात चपला काढल्या, पाण्यात तशाच उभ्या राहिल्या. म्हटलं आता कोसळतात. त्या म्हणाल्या, “मृणाल, प्लेट किती तयार आहेत? सगळ्या काढ. रंगण्णा, बेगा बेगा, लवकर.”

पुढचा आठवडा आम्ही तिघांनी एकेक नळी प्लेटवर लावून पाहिली. जवळपास निम्म्यांत काही उगवलं नाही. एकशे बाराच्या तीन नळ्या होत्या. तिन्ही कोऱ्या.

आणि नेमकी दीड महिन्याने समिती येणार होती. हा संग्रह चालू ठेवायचा की बंद करून खोली नव्या यंत्राला द्यायची, हे ठरवायला. आमचे डायरेक्टर डॉ. मूर्ती माणूस वाईट नव्हते. ते इंग्रजीत बोलत, मी मराठीत सांगते. ते म्हणाले, “विमल, हीच संधी आहे. तुमची अकरा घरं खरोखर उपयोगी आहेत हे दाखवा. गेलेलं परत आणा.”

अक्कांनी घरांना फोन केले. या वेळी प्रश्न उलटा होता. त्या म्हणाल्या, “इकडचं मेलं. तुमच्याकडचं पाठवा.” दहा दिवसांत डबे यायला लागले. एका पठ्ठ्याने रेल्वेने रात्रभर मांडीवर डबा घेऊन स्वतः आणला. असलं मी कधी पाहिलं नव्हतं. एकशे बारा अकरा घरांतून अकरा वेळा आली. प्लेटवर लावली तर तिसऱ्या दिवशी जिवाणूंच्या पांढऱ्या, गोल, ओलसर ठिपक्यांसारख्या वसाहती अकराही प्लेटवर. मी आनंदाने ओरडले. मूर्ती सर फोटोग्राफर घेऊन आले.

अक्कांनी फोटो काढू दिला आणि म्हणाल्या, “रंगण्णा, वाळू धुवायला घ्या.”

समितीला एकूण तीस दिवस उरले होते. गाठींना अठ्ठावीस लागतात. मी म्हटलं, “अक्का, या वेळी राहू द्या ना. अकरा ठिकाणांहून आली, अकरा ठिकाणी सारखीच दिसून राहिली. आणखी काय पाहिजे?”

“गाठी,” त्या म्हणाल्या.

बारा कुंड्या मांडल्या. अकरांत अकरा घरांची एकशे बारा, बारावीत वाचलेल्यांपैकी दुसरा एक खात्रीचा जिवाणू, ताळा म्हणून. तूर उगवली. पानं फुटली. अक्का रोज सकाळी येऊन कुंड्यांसमोर हात मागे बांधून उभ्या राहत, कारण हात मोकळे ठेवले तर उपटून बघतील ही त्यांना स्वतःचीच भीती होती. विसाव्या दिवशी बाराव्या कुंडीतलं रोप गर्द दिसायला लागलं आणि बाकीची अकरा फिकट. मी मनाला समजावलं, उजेडाचा फरक असेल. अक्कांनी बाराव्या कुंडीची जागा बदलून पाहिली. ती तिथेही गर्दच राहिली. त्या आठ दिवसांत आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोललो. अक्का जेवणाचा डबा उघडत आणि तसाच बंद करत. रंगण्णा कुंड्यांकडे न बघता पाणी घालून जात.

अठ्ठाविसाव्या दिवशी अक्कांनी पहिलं रोप उपटलं. मुळं पाण्यात हलवली, वाळू खाली बसली. पांढरी स्वच्छ मुळं. एक गाठ नाही. दुसरं. नाही. तिसरं मला उपटायला सांगितलं, जसं काही हाताचा दोष असावा. नाही. अकरा रोपं झाली तेव्हा ट्रेमध्ये अकरा नागडी मुळं ओळीने पडली होती. बारावं उपटलं तर गाठींनी लगडलेलं. एक फोडली, आत गुलाबी.

म्हणजे वाळू ठीक, तूर ठीक, आम्ही ठीक. अकरा घरांनी नऊ वर्षं जिवापाड सांभाळला होता तो चुलतभाऊ.

“एवढ्या सगळ्यांकडे एकदमच कसं बिघडेल?” मी म्हटलं. “अकरा ठिकाणी तीच चूक?”

अक्कांनी कपाट उघडलं. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. नऊ वर्षांपूर्वीचं पान. एकशे बारा, अकरा नळ्या, पाठवल्याची तारीख, कुणाकुणाला. शेवटच्या रकान्यात लाल खूण. मी म्हटलं, “बघा, गाठी तपासलेल्या आहेत. इथनं नीटच गेली होती.”

त्या तारखेवर बोट ठेवून उभ्या होत्या. रंगण्णांनी खांद्यावरून बघितलं आणि हळूच म्हणाले, “अवत्तु आयुधपूजे, अक्का.” त्या दिवशी आयुधपूजा होती.

इकडे खंडेनवमीला प्रत्येक यंत्राची पूजा होते. बस, रिक्षा, संगणक, आमच्याकडे निर्जंतुकीकरणाचा मोठा बंबसुद्धा. कुंकू, झेंडूच्या माळा, दारात कोहळा फोडायचा. त्या दिवशी यंत्राला विश्रांती, कुणी हात लावत नाही. त्या वर्षी परीक्षा आधीच लांबत आलेली, वाळू कशीबशी बंबात भरलेली होती आणि बंब माळा घालून बंद होता. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि डबे न्यायला माणूस सकाळीच येणार होता. वाळू निर्जंतुक झाली नाही, तूर लावली गेली नाही, आणि डबे अठ्ठावीस दिवस थांबवायला हवे होते ते थांबवले नाहीत. अक्कांनी प्लेट उजेडाला धरली, पांढऱ्या गोल वसाहती बघितल्या, इतक्या वर्षांच्या नजरेने म्हटलं आपलीच आहे, आणि डबे भरले. रजिस्टर पुरं करताना शेवटचा रकाना रिकामा दिसला. सुट्टीनंतर परीक्षा करूच म्हणून खूण करून ठेवली. ती परीक्षा राहून गेली.

हे त्यांनी मला सांगितलं ते रजिस्टरकडे बघतच. तेव्हा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. ओठ पांढरे पडले होते, आणि ज्या हाताने हजारो नळ्या भरल्या त्याच हाताच्या अंगठ्याने त्या ती खूण घासत होत्या. “मी बघितलो नाही,” त्या म्हणाल्या. “मी बघितलो नाही आणि मी खूण केलो.” मग दोनदा, अगदी बारीक आवाजात, “ती पोरगी. ती पोरगी.”

फुलमणीची तीन वर्षं. मला तोवर सुचलंही नव्हतं.

समिती परवावर आलेली. मूर्ती सरांनी ट्रे बघितला, दार लावून घेतलं आणि जे बोलले ते अगदी शहाणपणाचं होतं. प्लेट सुंदर आहेत. समिती रोपं उपटणार नाही. परवा संग्रह वाचवू, मग पुढच्या महिन्यात सावकाश सगळ्यांना कळवू. “परवा बोललात तर एकशे बारा जातेच, पण बाकीच्या साडेतीनशे नळ्याही जातील, विमल. एका खुणेपायी.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हटलं ते लिहायला आजही जड जातं. मी म्हटलं, “सर बरोबर सांगून राहिले, अक्का. नंतर सांगू.” माझी नोकरी त्या खोलीशी बांधलेली होती, हे एक. पण त्याहून, मला त्यांना त्या खुर्चीत, अनोळखी माणसांपुढे, उघडं पडलेलं बघायचं नव्हतं. ते प्रेम होतं की भ्याडपणा, ठरवता येत नाही. दोन्ही असेल.

“नंतर करू म्हणूनच तर झालं हे,” अक्का म्हणाल्या आणि उठल्या.

त्याच दुपारी त्यांनी अकरा पत्रं लिहिली. फोन नाही, ईमेल नाही. प्रत्येकाला वेगळं, हाताने, हिंदी नाही तर इंग्रजीत, मजकूर एकच. तुम्ही जे सांभाळलंत ते एकशे बारा नाही. चूक तुमच्याकडे झाली नाही, इथे झाली, माझ्या हाताने झाली, आणि मी खोटी खूण केली. अंबिकापूरच्या पत्राला त्यांना दोन तास लागले.

समितीपुढे त्या ट्रे घेऊन गेल्या. अकरा प्लेट एका बाजूला, अकरा नागडी मुळं दुसऱ्या बाजूला. मी मागे पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते, कारण उभं राहायला काहीतरी निमित्त हवं होतं. अक्का बसल्या नाहीत. म्हणाल्या, आमची अकरा घरं खरी आहेत, मागितल्यावर दहा दिवसांत परत पाठवतात. मी त्यांना खोटं दिलो, ते त्यांनी नऊ वर्षं खरं समजून जपलं. दोष जाळ्याचा नाही. इंग्रजीतच बोलत होत्या, पण मला सगळं त्यांच्या मराठीत ऐकू येत होतं. अध्यक्षांनी रजिस्टर मागितलं, खूण बघितली, आणि विचारलं, “अशा आणखी किती खुणा आहेत?”

अक्कांनी रजिस्टर मिटलं.

“माझ्या आठवणीत ही एकच,” अक्का म्हणाल्या. “पण आता माझ्या आठवणीवर विश्वास ठेवू नका. सगळ्या तपासा.”

मूर्ती सर म्हणाले होते तेच झालं. खोली बंद करायचा निर्णय आठवड्यात आला. नळ्या दुसऱ्या एका मोठ्या संग्रहाकडे द्यायच्या, अक्कांना मुदतीआधी निवृत्ती. मी इतकी संतापले, की मूर्ती सरांच्या तोंडावर दार आपटलं. अक्काच मला रागे भरल्या, दाराचा हादरा नळ्यांना बसतो म्हणून.

मग पत्रांची उत्तरं यायला लागली. त्या निवृत्त प्राध्यापकांनी लिहिलं, तुमचं पत्र वाचून मी माझ्याकडच्या सगळ्या नळ्यांची तूर लावली, दोन खोट्या निघाल्या, दोन्ही माझ्या चुकीने, कळवतो. दुसऱ्या घराने चार कळवल्या. तिसऱ्याने एक. एकाने लिहिलं की लाल खूण आमच्याकडेही अशीच होते, सगळ्यांनी मिळून पुन्हा तपासू. बघता बघता दहा घरं एकमेकांना आपापल्या चुका कळवायला लागली. आणि आमची खोली नव्हतीच, तेव्हा डबे आता एका घराकडून थेट दुसऱ्याकडे जायला लागले. जाणाऱ्या नळ्यांबरोबर उपटलेल्या मुळांचा फोटो असलाच पाहिजे, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. मूर्ती सरांनी मला वरच्या मजल्यावर एक टेबल दिलं. कुठल्या घरात काय जिवंत आहे याची यादी मी तिथे बसून ठेवते. अक्कांना हे सांगितलं तर म्हणाल्या, “बरं झालं. आधीच व्हायला पाहिजे होतं.” आवाजात आनंद नव्हता. अकरावं उत्तर आलेलं नव्हतं.

अक्कांनी गुरुवारी फोन केला. कुणी उचलला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. तिच्या विभागातून कळलं की प्रबंध मागे घ्यावा लागला आणि मुलगी घरी निघून गेली आहे.

मी अक्कांना शेवटचं पाहिलं ते के. आर. पुरम स्टेशनवर. सकाळची गाडी, बिलासपूरपर्यंत आणि पुढे बस. सुती साडी, डोक्याला खोलीत बांधत तोच पांढरा फडका, एक पिशवी. पिशवीत रंगण्णांनी धुऊन, बंबातून काढून, शिवून दिलेली वाळू आणि तुरीचं बियाणं. हातात थर्मोकोलचा डबा, त्यात वाचलेल्या नळ्यांतल्या तीन जिवाणूंच्या जोडी, उन्हात थोड्याफार तगणाऱ्या. फुलमणीला पुन्हा सुरुवात करायची असेल तर त्यांतली एखादी चालेल, आणि पहिली अठ्ठावीस दिवसांची परीक्षा तिच्यासमोर, तिच्या हातून करायची, असा बेत. नुसत्या नळ्या पोस्टाने गेल्या असत्या. ते मी तीनदा सांगून पाहिलं होतं.

“पत्ता मिळाला?” मी विचारलं.

“मिळाला. काल फोनही लागला.”

“बोलली?”

“बोलली की. येऊ नका म्हणाली.”

गाडीची घोषणा झाली. मी म्हटलं, “मग अक्का? तिला नकोच आहात तर?”

“तिनं नको म्हणायलाच पाहिजे,” अक्का म्हणाल्या. “ते तिनं मला तोंडावर म्हणू दे. मी दारात बसतो. हाकललं तर बाहेर झाडाखाली बसतो. स्वल्प दिवस लागतील.”

त्या चढल्या. खिडकीशी जागा मिळाली. डबा वर ठेवायला एकाने हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली आणि तो मांडीवर घेतला. मी खिडकीपाशी जाऊन खुळ्यासारखी हात हलवत राहिले. अक्कांनी हात हलवला नाही. गाडीला पहिला हिसका बसला आणि त्यांनी दोन्ही हातांनी डबा आवळून धरला.